खेळातले 'रबर'

काही शब्द मोठे फसवे असतात. ते ओळखीचे वाटतात म्हणून आपण त्यांच्याकडे नीट पाहत नाही, आणि नेमके तेथेच फसतो. 'रबर' हा त्यांतलाच एक शब्द. रबर म्हटले की शाळकरी मुलाला पेन्सिलीचे लिहिलेले खोडायची वडी आठवते, सायकल दुरुस्त करणाऱ्याला ट्यूब आठवते, कचेरीतल्या कारकुनाला शिक्का आठवतो. आमच्या जयसिंगपूरकडे तर बोलताना त्याचे सरळ 'रब्बर' होते. पण वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर 'भारताने पाचवे रबर जिंकले' असे वाचायला मिळाले, म्हणजे यातले कोणतेच रबर उपयोगी पडत नाही. टेबल टेनिस खेळणाऱ्यांची अडचण त्याहून मोठी. त्यांच्या बॅटवर खरोखरीचेच रबर चिकटवलेले असते. तेव्हा 'त्याने रबर घालवले' असे कोणी म्हटले, तर तो सामना हरला की बॅट फाडून बसला, हे पुढचे वाक्य ऐकल्याखेरीज कळत नाही!

महाविद्यालयातली मुले मला विचारतात, "सर, हे रबर म्हणजे गेम का मॅच, ओ?" याचे खरे उत्तर असे, की ते कधी तीन गेमांचा संच असते, कधी त्यांतला शेवटचा निर्णायक गेम असते, तर कधी एक अख्खा सामना असते. हे ऐकून मुले गोंधळतात. पण या तिन्ही अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. ती हाती लागली की गोंधळ राहत नाही. ती कल्पना कोणती, ते आज आपण पाहू.

आधी नावाचा उलगडा करू. खेळातल्या रबराचा रबराच्या चिकाशी काहीएक संबंध नाही. इंग्लंडात हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळत सोडण्याचा 'बोल्स' नावाचा जुना खेळ आहे. त्या खेळाच्या संदर्भात हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो. आपण ज्याला रबर म्हणतो, त्या पदार्थाला इंग्रजीत हे नाव मिळाले ते 1770 च्या सुमारास. त्याने घासले असता पेन्सिलीची खूण पुसली जाते, असे जोसेफ प्रीस्टले या शास्त्रज्ञाने नोंदवले, आणि 'घासणारा' म्हणून त्याचे नाव रबर पडले. म्हणजे खेळातले रबर हे खोडरबरापेक्षा दीड शतकाहून अधिक वडील. दोघांचे आडनाव एक, पण भावकी नाही! खेळातला शब्द मुळात कशावरून आला, यावर मोठमोठ्या कोशकारांचेही एकमत नाही. बोल्सच्या मैदानातून तो व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळात शिरला, व्हिस्टमधून त्याच्या वंशातल्या ब्रिजमध्ये आला, आणि पुढे टेनिस, बॅडमिंटन व क्रिकेट या खेळांनीही तो उचलला.

आता अर्थाकडे वळू. एका वाक्यात सांगायचे तर, ज्या ठरावीक डावांनी मिळून एक निकाल लागतो, त्या डावांच्या गटाला रबर म्हणतात. यातला 'एक निकाल' हा शब्द महत्त्वाचा. आपल्या मातीतल्या कुस्तीत असा गट नसतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पैलवान एकदा चितपट झाला की कुस्ती निकाली. दुसऱ्यांदा हात मिळवा, तिसऱ्यांदा मिळवा, ही भाषा तेथे नाही. उलट सुटीच्या दिवशी घरी मेंढीकोट मांडला, तर एका डावावर कोणी उठत नाही. चारही मेंढ्या एका बाजूने पकडल्या, कोट चढला, की हरलेली बाजू हमखास म्हणते, "एका डावाचे काय घेऊन बसलात? पुन्हा पिसा पत्ते." या 'पुन्हा पिसा'ला कोठेतरी मर्यादा घालावी लागते, नाहीतर रात्र सरते आणि खेळ सरत नाही. हरलेल्याला संधी तर मिळावी, पण ती बेमुदत मिळू नये. ही जी मधली वाट, तिचे नाव रबर. तीन डाव ठरवायचे, दोन जिंकेल तो जिंकला. संख्या विषम ठेवायची, म्हणजे बरोबरीचा प्रश्नच उरत नाही.

यात थोडे गणितही आहे. समजा, दोन खेळाडूंपैकी एक थोडा सरस आहे आणि शंभर गेम झाले तर त्यांतले साठ तो जिंकतो. एकाच गेमवर निकाल लावला तर त्याच्या जिंकण्याची शक्यता शंभरात 60. तीन गेमांचे रबर ठेवले तर ती सुमारे 65 होते आणि पाच गेमांचे ठेवले तर 68 च्या आसपास जाते. म्हणजे रबरामुळे नशीब अगदीच हद्दपार होत नाही, पण त्याची सत्ता थोडी कमी होते. कमी ताकदीच्या खेळाडूलाही आशा राहते, आणि सरस खेळाडूचा एखादा गेम वाईट गेला म्हणून तो बुडत नाही.

बॅडमिंटनमध्ये हे फार स्वच्छ दिसते. 2006 साली 21 गुणांच्या गेमची पद्धत आली. तीत तीनपैकी दोन गेम जिंकणारा विजयी. एकेक गेम झाल्यावर जिंकणारे आणि हरणारे 1–1 असे बरोबरीत आले, की आपल्याकडचे खेळाडू म्हणतात, "सामना रबरला गेला." येथे रबर म्हणजे तिसरा, निर्णायक गेम. आता मौज पाहा. 15 मे 2022 रोजी बँकॉकला थॉमस चषकाचा अंतिम सामना झाला. भारताविरुद्ध इंडोनेशिया. पहिल्याच सामन्यात लक्ष्य सेनने अँथनी गिंटिंगला 8–21, 21–17, 21–16 असे हरवले. आता वहीत सगळ्या गुणांची बेरीज करा. लक्ष्यचे झाले 50 आणि गिंटिंगचे 54. ज्याचे गुण चार कमी, तो जिंकला!

हा अन्याय नव्हे का, असे कोणी विचारील. नव्हे. पहिल्या गेममध्ये लक्ष्यची दैना झाली खरी. पण ती दैना त्या गेमबरोबर संपली. दुसरा गेम पुन्हा शून्यापासून सुरू झाला. आठ गुणांवर हरला काय आणि एकोणीस गुणांवर हरला काय, हरला एकच गेम. शेताला जसा बांध असतो, तसा प्रत्येक गेमला येथे बांध आहे. या वाफ्यातले पाणी त्या वाफ्यात जात नाही. कालचे कर्ज आजच्या खात्यावर न ओढण्याची ही सोय आहे. ती नसती, तर 8–21 नंतर लक्ष्यने कोणत्या उमेदीने खेळावे?

ब्रिजमध्ये मात्र नेमके याच्या उलट घडते, म्हणून तेथले रबर जरा सावकाश समजून घेतले पाहिजे. आज रूढ असलेला काँट्रॅक्ट ब्रिज अमेरिकेतल्या हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 साली एका बोटीच्या प्रवासात आखला. चौघे खेळाडू, समोरासमोरच्या दोघांची जोडी. आपण इतके हात करू अशी बोली करायची आणि ती पुरी करून दाखवायची. पहिल्या सहा हातांचे गुण नाहीत. त्यावरच्या प्रत्येक हाताला किलवर किंवा चौकट हुकूम असेल तर 20, बदाम किंवा इस्पिक असेल तर 30. बिनहुकमी बोलीत पहिल्या हाताला 40 आणि पुढच्या प्रत्येकाला 30. गुणांच्या कागदावर मधोमध एक आडवी रेघ असते. बोलून केलेल्या हातांचे गुण रेघेखाली मांडतात. इनाम, दंड आणि बोलीपेक्षा जास्त झालेल्या हातांचे गुण रेघेवर. रेघेखाली 100 झाले की एक गेम झाला. दोन गेम ज्या जोडीचे आधी होतील, तिने रबर जिंकले. प्रतिपक्षाला एकही गेम न देता रबर जिंकले तर 700 गुणांचे इनाम, एक गेम देऊन जिंकले तर 500.

येथवर सारे बॅडमिंटनसारखेच वाटते. फरक यापुढे आहे. समजा, तुमचे रेघेखाली 60 झाले आणि तेवढ्यात समोरच्यांनी गेम केला. आता तुमचे ते 60 पुढच्या गेमच्या वाटेवर उपयोगी पडत नाहीत. पुन्हा शंभराची चढण पायथ्यापासून. पण ते पुसलेही जात नाहीत. रबर संपल्यावर रेघेवरचे आणि रेघेखालचे सगळे मिळून बेरीज होते, तीत ते धरले जातात. म्हणजे बॅडमिंटनमध्ये बांध पक्का आहे, तर ब्रिजमध्ये त्याखालून पाणी झिरपते.

याचा परिणाम कसा होतो पाहा. एका जोडीने दोन गेम केले. दोन्ही शंभर-शंभराचे; झाले 200. समोरच्यांना एक गेम दिला होता, म्हणून इनाम 500. एकूण 700. पण पहिला गेम जिंकल्यावर, चढत्या अंगात त्यांनी एक अचाट बोली केली होती. समोरच्यांनी ती डबल केली आणि बोली तीन हातांनी पडली. त्याचा दंड 800. समोरच्यांच्या खात्यावर हे 800 आणि त्यांच्या एका गेमचे 100, असे 900 झाले. रबर जिंकले एकाने, आणि पैसे लावून खेळत असतील तर खिसा भरला दुसऱ्याचा!

यात आणखी एक बारकावा आहे, आणि मला तो फार आवडतो. जी जोडी एक गेम जिंकते, ती त्या रबरापुरती 'व्हल्नरेबल' होते, म्हणजे जोखमीत येते. तिची बोली पडली तर दंड जबर. वरच्या उदाहरणात तीन हातांचा दंड 800 झाला. तीच जोडी जोखमीत नसती तर 500 वर निभावले असते. जो पुढे गेला त्याने अधिक जपून चालावे, असा हा नियम आहे. हरलेल्याला दिलासा आणि जिंकलेल्याला धाक, अशी दोन्ही कामे ब्रिजचे रबर एकाच वेळी करते. स्पर्धांतून आता रबर पद्धत चालत नाही. तेथे सगळ्या टेबलांवर तीच पाने फिरवतात आणि कोणी जोखमीत असावे हेही आधीच ठरलेले असते. त्यामुळे चांगली पाने येण्याचे नशीब निकालातून जाते. 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या आपल्या जोडीने ब्रिजचे सुवर्णपदक आणले, ते अशाच पद्धतीच्या खेळात. रबर राहिले ते घरच्या आणि क्लबांतल्या टेबलांवर.

आता तिसरा अर्थ. सांघिक स्पर्धेत दोन संघांच्या संपूर्ण लढतीला 'टाय' म्हणतात. (याही शब्दाने बरोबरीचा भास होतो, पण येथे तो अर्थ नाही.) त्या लढतीतला एकेक सामना म्हणजे एकेक रबर. टेनिसच्या डेव्हिस चषकात परंपरेने चार एकेरी आणि एक दुहेरी, अशी पाच रबरे. बॅडमिंटनच्या थॉमस चषकात पूर्वी नऊ सामने असत, पाच एकेरी आणि चार दुहेरी. 1984 पासून तीन एकेरी व दोन दुहेरी असे पाच झाले. गुणांचा गेम, गेमांचा सामना, सामन्यांची लढत, अशी ही उतरंड आहे. एका पायरीवर जे 'संपूर्ण' असते, ते वरच्या पायरीवर नुसता 'एक' होऊन बसते. म्हणून रबर खालून पाहिले तर अख्खा सामना, आणि वरून पाहिले तर लढतीचा एक तुकडा.

हा विषय आपल्या भागाला परका नाही. इंग्रज अधिकारी पुण्याच्या छावणीत हा खेळ खेळत आणि त्याला चक्क 'पूना' म्हणत. इंग्लंडातल्या बॅडमिंटन हाउसवरून त्याला आजचे नाव मिळाले. आणि कृष्णेपलीकडच्या आपल्या सांगलीत 1933 साली जन्मलेले नंदू नाटेकर हे परदेशात आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय. मलायातली सेलांगोर येथील ती स्पर्धा 1956 सालची. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत ते होते. थॉमस चषकात 1951 ते 1963 या काळात ते भारताकडून नऊ सामन्यांच्या लढती खेळले. नाटेकर आधी टेनिस खेळत. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून ते हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. पुढे त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर टेनिसपटू झाले, डेव्हिस चषक खेळले आणि 1994 साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. वडिलांची रबरे शटलची, मुलाची चेंडूची.

आणि ते कृष्णन? पाचवे रबर म्हणजे काय, हे त्यांनी 1966 च्या डिसेंबरात कलकत्त्याला साऱ्या देशाला शिकवले. ब्राझीलविरुद्धची लढत 2–2 अशी अडली होती. पाचव्या रबरात थॉमस कॉखने त्यांच्यावर दोन सेट विरुद्ध एक अशी आघाडी घेतली, आणि चौथ्या सेटमध्येही तो 5–2 असा पुढे होता. तेथून कृष्णन यांनी तो सेट काढला, पाचवाही काढला, आणि भारत प्रथमच डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने आपल्याला 4–1 असे हरवले. त्यातले आपले एक रबर कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत जिंकलेले.

क्रिकेटमध्ये हाच शब्द संपूर्ण कसोटी मालिकेला लावीत. सांगलीतच जन्मलेल्या विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडला हरवले. आपला तो पहिला कसोटी विजय. पण रबर सुटले 1–1 असे बरोबरीत. उलट 1971 साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये पाचांपैकी एकच कसोटी जिंकली, चार अनिर्णित राहिल्या, आणि रबर आपले झाले. त्याच वर्षी इंग्लंडातही तीनपैकी एक जिंकून रबर घेतले. सामना आणि रबर या दोन गोष्टी वेगळ्या, हे यावरून ध्यानात येते.

आता राहिला एक दुखरा प्रश्न. पाचांपैकी पहिली तीन रबरे एकाच संघाने जिंकली तर उरलेल्या दोहोंचे काय? इंग्रजीत अशांना 'डेड रबर' म्हणतात. आपण म्हणू, वरातीमागचे घोडे. निकाल लागून गेलेला असतो. खेळले काय, न खेळले काय. डेव्हिस चषकात एके काळी हेही सामने होत, पण सेट कमी करून. थॉमस चषकात बाद फेऱ्या सुरू झाल्या की निकालानंतर खेळ थांबतो.

आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतही तसेच करतात. एकदा आमच्या मुलांनी 3–0 अशी लढत जिंकली. पाचव्या जागी शिरोळ तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा होता. सकाळी सहाच्या एस.टी.ने आलेला, दोन तास अंग गरम करून बसलेला. सगळे पेढे वाटत होते आणि हा कागदावरच्या आपल्या नावापुढची कोरी जागा बघत होता. मला म्हणाला, "सर, मग मी खेळलो म्हणायचं का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर 2022 च्या थॉमस चषकातच आहे. भारताने उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाला आणि उपांत्य फेरीत डेन्मार्कला हरवले. दोन्ही वेळा 3–2 असे, आणि दोन्ही वेळा पाचवे रबर एच. एस. प्रणॉयने जिंकले. डेन्मार्कविरुद्ध तर पाय मुरगळला असताना, पहिला गेम गमावून, तिसऱ्या गेममध्ये. मग अंतिम लढत आली. लक्ष्यने पहिले रबर घेतले, सात्विकसाईराज आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी दुसरे घेतले, श्रीकांतने तिसरे. 3–0. प्रणॉयचे पाचवे रबर झालेच नाही. ज्याने संघाला अंतिम फेरीत आणले, तो अंतिम फेरीत कोर्टावर उतरला नाही. पण म्हणून तो खेळला नाही, असे कोण म्हणेल? पाचव्या जागी भरवशाचा माणूस बसला आहे, हे ठाऊक असले की पहिल्या चौघांचा हात मोकळा सुटतो. एखादे रबर गेले तरी लढत जात नाही, हा धीर त्यांना तोच देतो. त्याच्या नावापुढची जागा कोरी राहते, ती संघाचे काम आधीच झाले म्हणून.

तेव्हा वाचकहो, गावात किंवा महाविद्यालयात सामने भरवाल, तेव्हा तीन गोष्टी आधी ठरवून फळ्यावर लिहा. एका लढतीत रबरे किती, ती कोणत्या क्रमाने, आणि निकाल लागल्यावर उरलेली खेळवायची की नाही. सर्वांत शेवटच्या गोष्टीवरून भांडणे होतात आणि मनेही मोडतात, असा अनुभव आहे. माझे मत विचाराल, तर मोठ्या स्पर्धेत थांबलेले बरे. पण गावपातळीवर वेळ असेल आणि उजेड असेल, तर उरलेली दोन रबरेही होऊ द्यावीत. निकालावर त्यांचा परिणाम होणार नाही. पण सकाळच्या एस.टी.ने आलेल्या पोराला घरी जाऊन सांगायला आपला आकडा मिळेल.